टाचणीबाई आणि सुसाटची केप

टाचणीबाईंचं खरं नाव स्टुडिओच्या पगारखात्याला माहीत असेल तर असेल, बाकी कुणाला ते ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. तळघरातल्या कपड्यांच्या खोलीकडे जिना उतरायला लागलं की आधी शिलाई मशीनची खडखड ऐकू यायची, मग इस्त्रीचा गरम वास यायचा आणि मग बाईंचं बोलणं. ते बोलणं एकदा ऐकलेला माणूस विसरायचा नाही. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या कायम धरलेल्या, त्यामुळे सगळी वाक्यं उजव्या कोपऱ्यातून, दात न उघडता, एका सुरात बाहेर पडायची. "हलू नका." "श्वास सोडा." "पोट आत घेऊन उपयोग नाही, मला तुमचं खरं पोट पाहिजे." स्टुडिओत आलेल्या प्रत्येक नटाने ही तीन वाक्यं खालमानेने ऐकलेली होती. चहाच्या टेबलावर सगळे बाईंची नक्कल करायचे, मान तिरकी करून आणि ओठ शिवल्यासारखे दाबून. पण टाचण्या तोंडातून काढून, मनगटावरच्या गादीत एकेक खोचून बाई बोलायला लागल्या, की समोरच्याने ओळखावं, आता आपली खैर नाही.

बावीस वर्षं त्या या खोलीत शिवत होत्या. पोलिसांचे गणवेश, वकिलांचे कोट, नर्सचे डगले, चोरांच्या बनियनी, एका मालिकेत तर भुताचा झगा, तोसुद्धा अस्तर लावून. भुताला अस्तर कशाला, असं कुणी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की भुताचं ठीक आहे, आत माणूस असतो. पण या धंद्याचा एक नियम त्यांना मनातून सलायचा. चांगलं शिवलेलं कुणाला दिसत नाही, उसवलेलं तेवढं दिसतं. बावीस वर्षांत एकाही प्रेक्षकाने टीव्हीसमोर बसून, काय सुरेख खांदा बसलाय या इन्स्पेक्टरचा, असं म्हटलं नसणार.

आणि मग वरच्या मजल्यावरून बातमी आली की स्टुडिओ 'सुसाट'ची मालिका करतोय.

सुसाट म्हणजे कॉमिकमधला सुपरहिरो. बाईंच्या लहानपणी घरात त्याचं एकच कॉमिक होतं, आणि ते वाचायला दोघं, बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ. वाचून झालं की खेळ सुरू. खेळात भाऊ सुसाट व्हायचा, कारण तो मुलगा आणि धाकटा आणि भोकाड पसरण्यात पटाईत. बाईंचं काम एवढंच, की आईचा लाल पडदा त्याच्या गळ्यात बांधून द्यायचा. गाठ हिने मारायची, उडायचं त्याने. कुंपणाच्या भिंतीवरून भाऊ हात पसरून उडी टाकायचा, मागे पडदा फडफडायचा, आणि बाई खाली उभ्या राहून आपली गाठ सुटत नाही ना ते बघायच्या. गाठ कधी सुटली नाही. याचा त्यांना अजून अभिमान होता, आणि हाच अभिमान पुढे त्यांच्या अंगलट आला.

पहिल्या बैठकीला बाई वहीऐवजी टेप घेऊन गेल्या. दिग्दर्शक तरुण होता, हुशार होता, आणि त्याचं एकही वाक्य 'बेसिकली'शिवाय उभं राहायचं नाही. बेसिकली आपला सुसाट आजच्या काळातला आहे. बेसिकली तो बोलतो, विनोद करतो, शेवटी मुलांना एक चांगला विचार देतो. कॉमिकमधला सुसाट एका पानात दोन शब्दांवर जायचा नाही, त्यातला एक 'थांब' असायचा. टीव्हीवरच्या सुसाटला पहिल्याच भागात अडीच पानांचं भाषण होतं. कॉमिकमध्ये त्याचा मुखवटा अख्खा चेहरा झाकायचा. इथे मुखवटा चष्म्याएवढा, कारण नटाचा चेहरा दिसला पाहिजे असं त्याच्या करारातच होतं. बाई हे सगळं टाचण्यांमागून गप्प ऐकत होत्या. मग दिग्दर्शक म्हणाला की अंगावरचा सूट तेवढा तुम्ही शिवा, केप बेसिकली आपण नंतर कॉम्प्युटरवर टाकू.

बाईंनी टाचण्या काढल्या.

"म्हणजे शूटिंगला तो केपशिवाय उभा राहणार?"

"केप आहे ना, बाई. फक्त नंतर आहे."

"नंतर आलेली केप केप नसते," बाई म्हणाल्या. "मी शिवते. खरी, कापडाची. जमली तर ठेवा."

दिग्दर्शकाला हसू आलं, पण तो वाईट माणूस नव्हता. गच्चीवर कॅमेऱ्याची चाचणी होणार होती, त्या दिवशी केप आणा म्हणाला. वाऱ्याचा मोठा पंखा असेल, नट असेल, बघू. नाहीतर बेसिकली कॉम्प्युटर आहेच.

बाई जिना उतरल्या त्या मनाशी गाठ बांधूनच. आजवर अंगाला बसलेलं कुणी बघितलं नव्हतं, पण केप बघावीच लागते. सुपरहिरोच्या अंगावर तीच एक वस्तू अशी, की तो नुसता उभा राहिला तरी ती हलत असते. एवढी एक वस्तू आपल्या हातची पडद्यावर जावी, त्याखेरीज त्यांना दुसरं काही नको होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी स्टुडिओतून आणलेली सुसाटची कॉमिकं जमिनीवर पसरली आणि टेप घेऊन प्रत्येक चित्र मोजायला बसल्या. नवरा कुरियरवाला. दिवसभर पाठीवर खोक्याएवढी पिशवी घेऊन लोकांच्या पायऱ्या चढायचा, आणि घरी आल्यावर पायऱ्या हा शब्दही त्याला सहन व्हायचा नाही. तो खुर्चीवर पाय वर घेऊन बघत होता. शेवटी त्याने विचारलं की हे काय चाललंय. बाई म्हणाल्या की माप घेतेय. कुणाचं? याचं. नवऱ्याने कॉमिककडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सांगितलं, की त्याला म्हणावं पोट आत घेऊ नको.

माप काही केल्या जुळेना. उभा असताना केप गुडघ्यापर्यंत. पान उलटलं, सुसाट इमारतीवरून झेपावला, तर केप तीन माणसं निजतील एवढी लांब. पुढच्या पानावर तो खिडकीत चढतोय, तिथे केप जेमतेम टॉवेल. शेवटच्या पानावर तो एकाला वाचवू शकला नाही म्हणून छपराच्या कडेला बसलाय, तिथे केप घोंगडीसारखी चहूकडून अंगाभोवती. एकाच माणसाची, एकाच रात्रीतली, एकच केप. असं गिऱ्हाईक बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

ज्याने हे काढलं त्यालाच विचारावं म्हणून रविवारी त्या चित्रकाराकडे गेल्या. म्हातारा सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका खोलीत राहायचा. खोलीत टेबल, खाट आणि शाईचे डाग. त्याची बोलण्याची तऱ्हा अशी, की कुठल्याही प्रश्नाला तो प्रश्नानेच उत्तर द्यायचा. बसू का म्हटलं, तर उभं राहून काय करणार? चहा नको म्हटलं, तर मी एकट्याने प्यायचा का? बाईंनी केपची खरी लांबी विचारली तेव्हा मात्र तो थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसला.

"तुम्ही त्याचा चेहरा पाहिलाय का कधी?" त्याने विचारलं.

नाही, मुखवटा असतो, बाई म्हणाल्या.

"डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं. तोंडाच्या जागी काही नाही. मग तो रागावला, घाबरला, थकला, हे मी दाखवू कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने खडूने एक रेघ मारली. "केप हाच त्याचा चेहरा. चेहऱ्याची लांबी कुणी मोजतं का?"

हे ऐकून बाई हरखून परत आल्या. बसमध्ये उभ्या उभ्याच त्यांनी कापड ठरवलं. चेहराच शिवायचा तर कंजुषी कशाला? त्यांनी गडद लाल साटीन घेतलं, त्याला आतून काळं अस्तर लावलं, घोट्याच्याही खाली लोळेल एवढी लांबी ठेवली आणि गळ्याशी घट्ट पट्टी शिवून तिला पितळेचा आकडा लावला. तळघरात कापडाचा एक पुतळा होता, बिनडोक्याचा, एका लोखंडी पायावर उभा. त्याच्यावर केप चढवून त्यांनी टेबलफॅन लावला. केप उठली. हळूच उठली, मग पूर्ण पसरली, आणि इस्त्रीच्या टेबलापासून दारापर्यंत लाल लाट झाली. बाईंनी गळ्याजवळचा आकडा ओढून पाहिला, अगदी लहानपणच्या गाठीसारखा. हलला नाही. त्या पुतळ्यासमोर कितीतरी वेळ हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या, आणि पुतळाही बिचारा काही बोलला नाही.

तिथेच चूक झाली. पुतळा बोलत नाही.

गच्चीवर चाचणीला सगळे जमले. नट हा उंचापुरा, देखणा आणि स्वतःबद्दल बोलताना 'आपण' म्हणणारा माणूस. आपण दूध घेत नाही, आपल्याला उन्हात उभं करू नका. त्याने केप घातली, आरशात पाहिली, आणि आपण बरे दिसतोय असं मान्य केलं. पंखा सुरू झाला, तो दाराएवढा, विमानासारखा आवाज करणारा. दिग्दर्शकाने इशारा केला. नटाने छाती काढली आणि भाषणाला सुरुवात केली.

केप उठली. तळघरात उठली होती त्याच्या दसपट उठली, आणि सगळं वजन गळ्यातल्या पट्टीवर आलं. "घाबरू नका, मी आलो आहे," एवढं वाक्य होतं. त्यातलं 'घाबरू' हे नटाच्या आवाजात आलं, 'नका' हे शेपटीवर पाय पडलेल्या मांजराच्या आवाजात, आणि 'मी आलो आहे' हे आलंच नाही. नट दोन्ही हातांनी गळा धरून मागे मागे जाऊ लागला. केपचं टोक टाकीच्या नळात अडकलं. कुणीतरी पंखा बंद केला, तर एवढा वेळ हवेत असलेलं साटीन सगळं त्याच्या डोक्यावर येऊन पडलं, आणि आतून पहिल्यांदाच स्पष्ट शब्द ऐकू आले, की आपल्याला यातून बाहेर काढा.

गच्ची हसून हसून लोळली. दिव्यावाला तर शिडीवरून खाली उतरला आणि उतरून हसला. बाईंनी जाऊन आकडा काढला. नटाच्या गळ्यावर तांबडी रेघ उठली होती. त्यांना कानकोंडं झालं. कॉमिकमधल्या माणसाला घसा लागत नाही, त्याचं बोलणं डोक्याजवळच्या फुग्यात लिहिलेलं असतं. आपण फुग्यात बोलणाऱ्याची केप शिवली आणि घशाने बोलणाऱ्याच्या गळ्यात अडकवली.

दिग्दर्शक जवळ आला आणि अगदी हळू बोलला, तेच जास्त लागलं. बेसिकली प्रयत्न छान होता. बाईंच्या तोंडात त्या वेळी टाचण्या नव्हत्याच, तरी त्यांनी मनगटावरची गादी चाचपली.

"पुढची चाचणी कधी आहे?"

त्याने सांगितलं की पुढच्या आठवड्यात, पण ती नुसती दिव्यांची.

"तेव्हा परत आणते. तेव्हाही असं झालं तर मी स्वतः तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला चहा नेऊन देईन."

घरी नवरा काही बोलला नाही, हे त्याचं शहाणपण. भाऊ मात्र बोलला. भाऊ आता चांगला जाडजूड, दोन मुलांचा बाप होता. फोनवर सगळी हकीकत ऐकून तो इतका हसला की मध्येच त्याला खोकला आला. "अगं ताई, तुला आजच कळलं? तुझ्या त्या गाठीचा वळ माझ्या गळ्यावर आठवडाभर असायचा. मी उडी मारताना ओरडायचो ना, तुला काय वाटलं, पराक्रमाने ओरडायचो?"

मग तेव्हा का नाही सांगितलंस, बाईंनी विचारलं. तर म्हणे, सांगितलं असतं तर तू सुसाट झाली असतीस.

फोन ठेवून बाईंनी केपचा गळा उसवायला घेतला. हार मानायची असती तर ती भिंतीखाली उभं राहतानाच मानली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. सुसाटचा व्हिडिओ गेमही याच इमारतीत बनत होता, आणि केप हलवण्याचं काम एका मुलीकडे होतं. ही गेमवाली श्वास न घेता बोलायची, एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर चढायचं. बाईंनी येण्याचं कारण सांगितलं आणि पुढचा अर्धा तास त्यांना काही बोलायची गरज पडली नाही. म्हणे बघा ना मावशी आमच्याकडे सुसाट बोलतच नाही नुसता हं आणि हुप्प आणि पडला की आह, आणि त्याचं तोंड तर कुणी बघतच नाही कारण खेळणारा कायम त्याच्या मागून पळत असतो, म्हणजे लोक दिवसच्या दिवस या माणसाची पाठ बघतात, पाठ म्हणजे केप, म्हणून आधी मी खूप लांब केली होती तर ती पायांतून आरपार जायची, सुसाट पळतोय की कपडे वाळत घातलेली दोरी पळतेय कळेना, मग कापली.

बाईंनी विचारलं की गळ्याला कशी बांधलीस.

"गळ्याला नाहीच बांधली," गेमवाली म्हणाली आणि पहिल्यांदाच थांबली. तिने पडद्यावर सुसाटला सगळ्या बाजूंनी फिरवून पाठमोरा केला. खांद्यांच्या मागे, पंख फुटावेत तिथे, दोन ठिपके होते. "इथे दोन खिळे. गळ्याला बांधली की मान हलली तरी सगळी केप हलते."

बाई त्या दोन ठिपक्यांकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग निघता निघता त्यांनी सहज विचारलं की याला जरा खाली बसव बघू. गेमवाली हसायला लागली. ते नाही जमत मावशी, बसला की केप जमिनीत घुसते, मांडीतून वर येते, ते नीट करायचं म्हणजे आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ येतात. म्हणून गेममध्ये सुसाटला बसायलाच देत नाही. दमला तरी उभाच.

खिळे कळले, पण माणसाच्या पाठीत खिळे ठोकता येत नाहीत. हा विचार डोक्यात घेऊन बाई घरी आल्या, तेव्हा नवरा नुकताच दारात पोचला होता आणि पाठीवरची पिशवी काढत होता. एक पट्टा खांद्यावरून, काखेखालून मागे; दुसरा तसाच; छातीवर दोन्ही जोडणारी एक आडवी पट्टी. एवढा मोठा बोजा दिवसभर पाठीवर, आणि गळा मोकळा. पायऱ्या चढता चढता हा माणूस फोनवर भांडूही शकायचा.

"अहो, ती जरा इकडे द्या."

पिशवी? रिकामी आहे, तो म्हणाला. बाई म्हणाल्या की मला आतलं काही नको, बाहेरचंच पाहिजे. नवऱ्याने पिशवी दिली आणि हात-पाय धुवायला गेला. परत येऊन बघतो तर पिशवीचे पट्टे एकीकडे, पिशवी दुसरीकडे. तो दारात तसाच उभा राहिला.

"उद्या मी पार्सलं डोक्यावर नेऊ का?"

"दोन दिवस माझी मोठी शबनम घ्या," बाई टाचण्यांमागून म्हणाल्या, आणि तो पुढचे दोन दिवस खरोखरच फुलाफुलांची शबनम घेऊन लोकांच्या पायऱ्या चढला. याबद्दल त्याला जे काही म्हणायचं होतं ते त्याने पायऱ्यांना सांगितलं.

पट्टे सुटाच्या आत बसले. खांद्यांमागे दोन मजबूत कड्या आल्या आणि केप त्या कड्यांना लटकली. साटीनच्या जागी सुती कापड आलं, कारण साटीन प्रत्येक झुळकीला भुलतं. लांबी पोटऱ्यांपर्यंत आली. खालच्या काठात बाईंनी पडद्यात घालतात तशी बारीक साखळी ओवली, म्हणजे वाऱ्याने केप उठेल पण डोक्यावर बसणार नाही. आणि या वेळी त्यांनी पुतळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याला केप चढवली, पंखा लावला आणि भाषणाची अडीच पानं त्याच्या हातात दिली. त्याने ती पत्ता वाचावा तशी वाचली, पण शेवटपर्यंत वाचली, आणि एकदाही आवाज अडला नाही.

दुसऱ्या चाचणीला गच्चीवर हसायच्या तयारीने आलेले लोकच जास्त होते. पंखा लागला. नटाने आधी दोन बोटं गळ्याशी घातली, गळा मोकळा आहे याची खात्री करून घेतली, आणि मग घाबरू नका, मी आलो आहे, असं इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की पलीकडच्या इमारतीत एकीने खिडकी उघडली. केप मागे ठीक उठली, ठीक बसली. हसायला काही सापडेना. लोक एकेक करून कामाला लागले.

दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होता. छान आहे, म्हणाला. बेसिकली काही चुकत नाहीये. बाई पुढच्या वाक्याची वाट बघत होत्या, आणि ते आलं. पण कॉम्प्युटरवरही बेसिकली अशीच होईल, बाई, शिवाय तिथे वारा आपल्या मनासारखा.

हे फजितीपेक्षा वाईट होतं. फजिती सुधारता येते. न चुकलेलं काय सुधारणार? पुन्हा तोच धंद्याचा नियम: चांगलं शिवलं, आणि दिसलं नाही.

दिवेवाले दिवे हलवू लागले. नटाला तिथेच थांबायचं होतं. पंखा बंद असला तरी गच्चीवर गार वारा सुटला होता, आणि सुटाचं कापड पातळ. नट थोडा वेळ उभा राहिला, मग कंटाळून टाकीच्या पायरीवर बसला. खांदे पडले. त्याने केपची दोन्ही टोकं हातांनी पुढे ओढली, अंगाभोवती गुंडाळली, हनुवटी आत खुपसली आणि समोरच्या छपरांकडे बघत राहिला. तो बहुधा जेवण कधी येणार याचा विचार करत असावा.

बाईंनी ते पाहिलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. ते शेवटचं पान होतं. तीच छपराची कड, तीच घोंगडी, तोच हरलेला सुसाट. त्या जवळजवळ धावतच दिग्दर्शकाकडे गेल्या आणि त्याचं कोपर धरून त्यांनी त्याला वळवलं. बावीस वर्षांत कुठल्या दिग्दर्शकाला त्यांनी हात लावला नव्हता.

"तिकडे बघा. कॅमेऱ्यातून बघा. त्याला सांगू नका."

दिग्दर्शकाने कॅमेरा वळवायला लावला. पडद्यात नट लहान दिसत होता. चष्म्याएवढ्या मुखवट्याखाली चेहरा होता, पण चेहऱ्याकडे लक्षच जात नव्हतं. बघणारा बघत होता ती केप: मुठीत आवळलेली टोकं, वाकलेल्या पाठीवर ताणलेलं कापड.

"तुमच्या पहिल्या भागाच्या शेवटी तो एकाला वाचवू शकत नाही ना?" बाई म्हणाल्या. "मग तिथे अडीच पानं कशाला बोलतोय? असा बसवा. तिसऱ्या मजल्यावर विचारून या, त्यांना त्याला बसवता येत नाही, केप जमिनीत जाते. तुमचाही कॉम्प्युटर करील म्हणा, कसंबसं करीलच. पण आत्ता त्याच्या हातात काय असेल? रिकाम्या मुठी आवळून तो असा बसेल का?"

दिग्दर्शकाने पुन्हा एकदा पडद्यात वाकून पाहिलं. बेसिकली म्हणायचंही तो विसरला. मग त्याने नटाला हाक मारून सांगितलं, की हलू नका.

नट दचकून सरळ झाला. आपण काही केलं का, असं त्याने विचारलं.

"श्वास सोडा," बाईंनी गच्चीच्या या टोकावरून सांगितलं. "आणि बसा, होतात तसेच."

त्या दिवशी दिव्यांची चाचणी राहिली बाजूला आणि शेवटचा प्रसंगच घेतला. भाषण गेलं, दोन शब्द उरले. केप राहिली. उडण्याचे प्रसंग मात्र कॉम्प्युटरवर करायचे ठरले. बाईंनी ते मान्य केलं, एका अटीवर, की तिथली केप या केपवरून मापं घेऊन करायची आणि मापं त्या स्वतः देणार. दुसऱ्या दिवशी गेमवाली टेप घेऊन तळघरात आली. बाईंनी टाचण्यांमागून आकडे सांगितले आणि तिने श्वास न घेता ते उतरवून घेतले. आणि बाईंनी केपच्या दोन्ही टोकांना आतून, कुणाला दिसणार नाहीत असे, बोट अडकेल एवढे फास शिवून टाकले, म्हणजे नटाला ती हवी तेव्हा मोठी करता येईल आणि हवी तेव्हा आवळून घेता येईल.

पहिला भाग लागला तेव्हा बाई घरीच होत्या. भाऊ सहकुटुंब आला होता. शेवटचा प्रसंग आला. सुसाट बसला, त्याने केप ओढून घेतली, आणि भावाची धाकटी मुलगी, जी एवढा वेळ बडबडत होती, ती गप्प झाली. मग उठली, आत गेली आणि खुर्चीवर टाकलेली बाईंची शाल घेऊन आली.

"आत्या, मला बांध."

भावाने आपसूक गळ्याला हात लावला. बाईंनी मुलीला पाठमोरी केली, शाल खांद्यांवरून काखेखाली घेतली, मागे फिरवून एक टाका, दुसरा टाका, आणि छातीवर एकच टाचणी, टोक बाहेरच्या बाजूला. दोन बोटं गळ्याजवळ घालून बघितली.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"बास," बाई म्हणाल्या. "झालं. जा."

ती पळाली. कोपऱ्यात नवऱ्याची नवी पिशवी उद्याच्या पार्सलांसाठी उभी होती. बाईंनी ती उरलेल्या साटीनची शिवली होती, गडद लाल, काळ्या अस्तराची, आणि त्यामुळे आताशा लोक पार्सलाआधी पिशवीकडे बघायचे. नवरा याबद्दल कुरकुरायचा. पण पायऱ्या उतरताना तो पाठ जरा जास्तच ताठ ठेवतो, असं शेजारणीने बाईंना सांगितलं होतं.